चार बोटं अलीकडं

महिपा,

गेल्या महिन्यात तुझ्या शोकसभेत मला शिसारी आली. पहिलं वाक्य हेच लिहायचं ठरवून बसलोय. इथल्या मराठी मंडळाची माणसं घरी येऊन सांगून गेली, काका, महिपतीसरांच्या दोन गोड आठवणी लिहून द्या, एक पान पुरे, स्मरणिकेत छापू. गोड पाहिजे तर पेढेवाल्याकडं जायचं. मी चौथी शिकलेला माणूस. साखर कारखान्यात तेलपाण्याच्या कामावर जन्म गेला, तिथं हजेरीवर सही करण्यापलीकडं हातानं फारसं लिहिलं नाही. सून म्हणाली, तुम्ही वहीत लिहा आबा, मी टाईप करून देते. म्हटलं, दे, पण एक शब्द इकडचा तिकडं केलास तर तुझ्या हातचा चहा बंद.

आणि तुला अरे-तुरेच करणार. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तरी. देवाला आणि खेळाडूला कुणी अहो म्हणत नाही. वारणाकाठच्या कबड्डीच्या मैदानावर सगळा मांडव 'महिपा, महिपा' करून नरडं फोडायचा, त्यात 'महिपतीसर' म्हणणारा एक तरी होता का? सर तू इथं आयर्लंडात झालास, तेही मेल्यावर.

नावन गावातल्या त्या हॉलच्या दारातच दोन पोरी ताटलीत पांढरी पावडर घेऊन उभ्या होत्या. येईल त्यानं बोट बुडवायचं आणि कपाळाला लावायचं. 'सरांची स्टाईल आहे ना काका!' वास घेतला तर तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर लावतात ती पावडर. सगळा हॉल बारशाला जमल्यासारखा घमघमत होता. समोर पडद्यावर तुझा तो पेपरात आलेला फोटो, खाटेएवढा केलेला. उजवा हात वर, चार बोटं पांढरी, कपाळावर पांढरा फराटा, आणि तोंड असं की हसतोयस का रडतोयस कळू नये.

अध्यक्ष उठले. पुण्याचे, चेरीवूडच्या कुठल्या ऑफिसात मोठे साहेब. तू खेळायला लागलास तेव्हा त्यांचा जन्म झाला नसेल. माईक हातात घेऊन म्हणाले, "त्या फायनलमध्ये सरांची बोटं रेषेला टेकली, आणि त्यांनी आपल्याला शिकवलं, नेव्हर गिव्ह अप!" टाळ्या. शोकसभेत टाळ्या! मग एक मिनिट स्तब्ध उभे राहिले, त्यात एकाचा फोन वाजला. मग समोसे. एक पोरगेला इंजिनियर समोसा चावत माझ्याजवळ आला, म्हणाला, "काका, तुम्ही लकी. तुम्ही ती रेड लाइव्ह बघितलीत."

"बघितली," मी म्हटलं.

"मग बोला ना दोन शब्द! अहो, काकांना माईक द्या रे!"

मला धरून उभं केलं. माईक नाकापुढं. समोर सगळी पावडर लावलेली कपाळं, मागं तुझी पांढरी बोटं. पहिल्या रांगेत तुझी लेक सुनीता. मी म्हटलं, "महिपा मोठा खेळाडू होता," आणि खाली बसलो. त्यावर पण टाळ्या झाल्या.

तिथं जी ओकारी पोटातून वर आली, ती समोशाची नव्हती आणि पावडरीची पण नव्हती. ती कशाची होती ते लिहायचंय. पण मला क्रमानं लिहिल्याशिवाय जमत नाही, तर धीर धर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी कबड्डी मातीवर व्हायची. माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि मग फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, रेघा आखायच्या. आमच्या गावच्या मैदानाच्या रेघा मी आखायचो. दोरी माझी, डबा माझा, मूठ माझी. मूठभर फक्की घ्यायची आणि दोरीच्या अंगानं बोटांच्या फटीतून सोडत जायचं. ना जाड, ना बारीक. चौथीत गुरुजींनी माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हटलं होतं. रेघ मात्र अशी काढायचो की बघत राहावं. सामना सुरू झाला की मी मधल्या रेघेच्या टोकाला डबा घेऊन उकिडवा बसायचो. पायानं रेघ मोडली की चटकन उठून सारखी करायची, हे माझं काम.

आणि तुझी एक सवय होती. चढाईला निघताना तू वाकायचास, मधल्या रेघेला उजव्या हाताची चार बोटं लावायचास, ती कपाळाला टेकवायचास, आणि मग दम धरून पलीकडं. दर चढाईला. हरत असलास तरी, जिंकत असलास तरी. म्हणजे तुझ्या कपाळावर माझी फक्की असायची. तू शेजारच्या गावचा, आमच्या संघातून खेळायचास, बाकी मी तुझा कुणी नव्हतो. पण एकदा सामना संपल्यावर पाणी पिताना म्हणालास, "दत्तू, तुझी रेघ बघितली की पाय आपोआप सरळ पडतो." ते वाक्य मी बायकोला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, बरं. बायकांना काय कळतंय, असं तेव्हा वाटलं होतं. ती गेली त्या वर्षी माझा मुलगा विजय मला इथं घेऊन आला.

विजयच्या कंपनीत माणसाच्या आत बसवायची यंत्रं करतात. घर चांगलं, गरम पाणी चोवीस तास, आणि बोलायला माणूस नाही. नात 'ग्रँड, आजोबा', म्हणजे बरंय, म्हणून जिना चढून जाते, संपलं. घरामागं इथल्या लोकांच्या खेळाचं मोठं हिरवं मैदान. म्हातारा टॉम त्याच्या रेघा मारतो. चाकाची गाडी ढकलतो, खालून ओला रंग पडतो. फक्की नाही, मूठ नाही, वाकणं नाही. मी कुंपणाशी उभा राहून रोज त्याच्या रेघेतली खोट शोधायचो. सापडत नव्हती, त्यानं जास्तच चीड यायची.

आणि एक दिवस कानटोपी घातलेला एक म्हातारा काठी टेकत त्या मैदानाच्या कडेला आला. पलीकडच्या बाकाकडं जायला त्याला रेघ ओलांडायची होती. तो थांबला. काठी डाव्या हातात घेतली, कसाबसा वाकला, उजव्या हाताची चार बोटं रेघेला लावली आणि कपाळाला टेकवली.

मी ओरडलो, "महिपा!"

तू दचकून वळलास. "कोण?"

"मी दत्तू. फक्कीवाला."

तू जवळ आलास, माझं तोंड निरखलंस. "आयला दत्तू! तू अजून हायस?"

"तू हायस म्हणून हाय."

मग दोघं त्या बाकावर बसून असे हसलो की टॉमनं गाडी थांबवली. त्याला तुझं नाव कधी म्हणता आलं नाही. इथं नाव माहीत नसलेल्या कुणालाही 'युअर मॅन' म्हणतात, तसं तो मला विचारायचा, 'युअर मॅन' आला का? युअर मॅन म्हणजे तुझा माणूस, हे मला नातीनं सांगितलं. मी म्हटलं, बरोबर आहे त्याचं.

आठ महिने झाले ते सगळे मिळून. सुनीताच्या घरून तुझा थर्मास, आमच्या घरून माझा. तुला साखर बंद, म्हणून तू माझा चहा प्यायचास आणि तुझा मला द्यायचास. मॅटवरच्या कबड्डीला मी गादीवरची झोंबाझोंबी म्हणायचो. तू म्हणायचास, पोरांचे गुडघे वाचतात, गाढवा. मी म्हणायचो, गुडघा वाचवायचा तर घरी बसावं. तो वाद तसाच राहिला. टॉमची गाडी आली की तू कोपरानं ढोसायचास, "बघ, तुझी नोकरी चाकानं खाल्ली." मला राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच थट्टा ऐकायला मी अर्धा तास आधी येऊन बसायचो. माझी बायको गेल्यानंतर माझ्यावर हसणारं माणूस मला तूच भेटलास. एवढं मात्र गोड आहे. ते छापा म्हणावं.

मग तो दिवस. वारा होता, तू मफलर दोनदा गुंडाळलेला.

"दत्तू, ती फायनल आठवते?"

"आठवते म्हणजे? झोपेत उठवून विचार." आणि मी सुरू झालो. आपण एका गुणानं मागं. शेवटची चढाई. तू दोघांना शिवून परत फिरलास आणि नदीपल्याडच्या केरबानं कमरेला मिठी घातली. रेघेला पोचलास तर आपण, नाही पोचलास तर केरबाचं गाव. मांडवात मुंबईच्या एका बँकेची माणसं बसलेली, त्यांना आपल्या संघात एक खेळाडू घ्यायचा होता, त्या दिवशीच ठरणार होता. तू केरबाला पाठीवर घेऊन खाली पडलास, हात लांबवलास...

"माझा हात रेघेला लागला नव्हता," तू म्हणालास.

मला वाटलं थट्टा. "तुझी बोटं पांढरी होती. सगळ्या मांडवानं बघितली. फोटो हाय."

"नमस्काराची फक्की ती. चढाईला जाताना लागलेली. कपाळावर बी तीच होती की. पंच म्हणाले हात दाखव, मी दाखवला. एवढ्या माणसात एकाच्या डोक्यात आलं न्हाई, की ह्याची बोटं आधीच पांढरी हायत म्हणून." तू हातांकडं बघत होतास. ते थरथरत होते, इथं आलास तेव्हापासून थरथरायचे. "मी खोटं बोललो न्हाई, दत्तू. हात वर केला आणि गप्प बसलो. त्या हातावर नोकरी झाली, मुंबईत खोली झाली, सुनीताचं शिक्षण झालं. ते केरबाचं व्हतं."

मी माझा थर्मास उचलून मांडीवर घेतला.

"एकच कोडं सुटलं न्हाई मला," तू म्हणालास. "पंचांनी रेघ का बघितली न्हाई? वाकून बघितलं असतं तर तिथंच संपलं असतं."

मी थर्मासचं झाकण लावत बसलो. ते आधीच लागलेलं होतं.

मग तू खिशातून कागद काढलास, कोरा. "मी सांगतो, तू लिही. केरबाला पत्र. तो हाय अजून, मी चौकशी केलीय."

"चौथी पास माणसाकडून लिहून घेतोस? लेक इंजिनियर हाय तुझी."

"तिला कसं सांगू? ती त्या फोटोखाली वाढलीय."

"मग नको सांगू. म्हातारपणी पुण्य कमवायला निघालास होय? तुझ्या नावाला मी माझ्या हातानं काळं फासायचं?"

"दत्तू, तुझ्याशिवाय मला कोण हाय इथं, ज्याला हे सांगितलं तर कळंल?"

आणि मी उठलो. गवतात थुंकलो. "शिसारी येती मला तुझी," असं म्हणालो. तोंडावर म्हणालो. तू कागद घडी करून परत खिशात ठेवलास, नीट, कडेला कड लावून.

नऊ दिवस मी आलो नाही. घरच्यांना गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. वरच्या खिडकीतून तो बाक दिसतो, महिपा. तू यायचास. रेघेला बोटं लावायचास. बसायचास. थर्मासचं झाकण उघडायला तुला वेळ लागायचा, ते मला दिसायचं. तुझा चहा पिणारं कुणी नाही म्हणून तो तू गवतात ओतायचास, तेही दिसायचं. मी पडदा सोडून खाली यायचो. हट्टीपणा हा गुण आहे असं मला कुणी शिकवलं ठाऊक नाही. वडिलांनी असेल.

दहाव्या दिवशी सकाळी सुनीताचा फोन आला. खुर्चीत, चहा पिता पिता गेलास.

इथं पेटीत ठेवून दहनाला नेतात. कोट घातला होता तुला. मी तुझी बोटं बघितली. स्वच्छ होती, नखं कापलेली. मग एक बटण दाबलं आणि नाटकाचा ओढावा तसा पडदा ओढला तुझ्यावर. ना चटका, ना धूर. बाहेर येऊन सगळे गाड्यांच्या किल्ल्या शोधत होते.

आता ते लिहितो, जे त्या बाकावर बोललो नाही.

तुझं कोडं मला ठाऊक होतं. पंचांनी रेघ बघितली नाही, कारण रेघ मी बुजवली.

मी तिथंच बसलो होतो, दोन हात अंतरावर. केरबा तुझ्यावर, तुझा हात लांब. शिट्टी झाली. एक पंच तुला उठवून हात बघायला लागले. दुसरे रेघेकडं वळले, वाकायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला. त्यांच्या आधी मी बघितलं होतं. मातीत तुझ्या चार बोटांचे चार ओरखडे होते, स्वच्छ, ओल्या मातीत नांगराचे तास दिसावेत तसे. आणि ते संपत होते त्याच्या पुढं चार बोटं जागा होती. त्याच्या पुढं माझी रेघ. न मोडलेली. एक कण हललेला नव्हता. माझी सगळ्यात चांगली रेघ होती ती.

मी उठलो. "थांबा साहेब, रेघ मोडलीय, सारखी करतो," म्हणालो आणि पायानं ते ओरखडे पुसले. वरून मूठभर फक्की टाकली. रोजचंच काम, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पंच सरळ उभे राहिले. मग राहिली फक्त तुझी बोटं, आणि ती पांढरी होती.

मी ते कशासाठी केलं ते मला विचारू नकोस. मांडव ओरडत होता. तू माझ्या रेघेला नमस्कार करणारा माणूस होतास. मला वाटलं, रेघ माझी आहे, ती कुठं आहे ते मी ठरवीन.

बँकेनं तुला घेतलं. केरबा नदीपल्याड परत गेला. पुढं तो उसाचा ट्रॅक्टर चालवायला लागला, आणि नेमका आमच्याच कारखान्यावर. दर हंगामात वजनकाट्यापुढं गाड्यांच्या रांगेत उभा असायचा. मी दिसलो की हात वर. "काय फक्कीवाले, मैदान काय म्हणतंय?" खिशातून तंबाखूची पुडी काढायचा, मळायचा, अर्धी मला. तुझं नाव पेपरात आलं की तोच मला सांगायचा, "आपला महिपा दिल्लीला खेळला बरं का." आपला म्हणायचा. कमरेत उसण भरलेली असायची, ट्रॅक्टरवरून उतरताना लोखंडाला धरून उतरायचा. त्याची तंबाखू मी तीस हंगाम खाल्ली. कधी नको म्हटलं नाही.

तर शिसारी तुझी नव्हती, महिपा. तू निदान चाळीस वर्षांनी तोंड उघडलंस. मी थुंकलो ते तू बोललास म्हणून. तू कबूल झालास म्हणजे मलाही व्हावं लागणार होतं. तुला वाटत होतं ते ओझं तू एकट्यानं वाहिलंस. त्या बाकावर मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं की, अरे थांब, दुसरं टोक माझ्या खांद्यावर आहे. तुझे शेवटचे नऊ दिवस जरा बरे गेले असते. ते मी दिलं नाही. मूठभर फक्की द्यायला मला एक पळ लागला होता, आणि हे एक वाक्य द्यायला जमलं नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी सुनीताकडं गेलो. ती तुझे कपडे पिशव्यांत भरत होती. म्हणाली, "बसा काका. चहा टाकते."

"आधी ऐक. मग टाकायचा का नाही ते बघ."

सगळं सांगितलं. नमस्काराची फक्की, ओरखडे, माझा पाय, कोरा कागद. ती तुझा स्वेटर हातात धरून उभी होती. तिनं तो एकदा घडी केला, उलगडला, परत घडी केला.

"म्हणजे बाबा शेवटी रोज विचारायचे, दत्तू दिसला का, ते यासाठी?"

"हो."

"मी म्हणायचे, त्यांचा गुडघा दुखतोय." ती माझ्याकडं बघत होती. "दुखत होता का तुमचा गुडघा?"

"नाही."

"तुमच्या वरच्या खिडकीतून तो बाक दिसतो. तुम्हाला दिसत होते ते."

"दिसत होता."

ती आत गेली. मला वाटलं, आता ही मला बाहेर काढणार, आणि बरोबरच आहे. स्वयंपाकघरातलं कपाट उघडल्याचा आवाज आला, ते इथं ज्याला प्रेस म्हणतात ते. ती तुझी फायनलची ढाल घेऊन आली. लाकडी, पितळी पत्रा काळा पडलेला. माझ्यापुढं टेबलावर आपटली. रिकामे कप हलले.

"मला नको ही घरात. लिहा पत्र. आत्ता. माझ्यासमोर."

"सुनीता, मी..."

"बाबांचा कागद आहे अजून. त्यांच्या खिशात होता." तिनं तो आणून दिला. घडी तशीच, कडेला कड.

मी लिहिलं. कोंबडीच्या पायाच्या अक्षरात. 'केरबा, ही ढाल तुझी आहे. महिपाचा हात चार बोटं अलीकडं होता. त्यानं हे स्वतः सांगितलं आणि तुला कळवायला सांगितलं. मी ते त्याच दिवशी बघितलं होतं. रेघ मी बुजवली. तुझी नोकरी गेली ती आम्हा दोघांमुळं, पण जास्त माझ्यामुळं. तुझी तंबाखू खाल्ली त्याची लाज वाटते. दत्तू फक्कीवाला.'

माफ कर असं लिहिणार होतो. सुनीता म्हणाली, "ते मागू नका काका. आधी त्यांना वाचू दे." पोरगी तुझ्यावर गेली नाही, महिपा. तुझ्यापेक्षा सरळ आहे. आणि हे छापायला पण तीच म्हणाली. मी म्हटलं, मंडळाला नाही छापायचं तर राहू दे, मी स्वतः वाचून दाखवीन त्यांना, पुढच्या कार्यक्रमात, पावडर लावलेली असतानाच.

पोस्टात ती बरोबर आली. काउंटरवरच्या बाईनं फॉर्म दिला. आत काय आहे ते लिहावं लागतं परदेशात पाठवताना. बाई म्हणाली, "गिफ्ट, इज इट?"

"नो गिफ्ट," मी म्हटलं. एवढं इंग्रजी येतं.

सुनीता पेन धरून थांबली. "मग काय लिहू काका?"

"लिही, ज्याचं त्याला परत."

तिनं इंग्रजीत लिहिलं. बाईनं वाचलं, शिक्का मारला, म्हणाली, "ग्रँड." इथं सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

केरबाचं उत्तर आलेलं नाही. ढाल तो भिंतीला लावेल, नाहीतर चुलीत घालेल. तो त्याचा हक्क. मला शिसारी आली होती ती गेलेली नाही, आणि ती जावी अशी माझी इच्छा पण नाही.

पोस्टातून येताना मैदानावरून आलो. टॉम गाडी ढकलत होता, रेघा ताज्या, ओल्या. त्यानं हात केला. "व्हेअर्स युअर मॅन?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बोट वर केलं. त्यानं टोपी काढली, गाडी तिथंच सोडली, आणि बराच वेळ आम्ही दोघं उभे राहिलो. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची. पण त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

तो गेल्यावर मी रेघेजवळ गेलो. गुडघा आता खरंच दुखतो. वाकलो. उजव्या हाताची चार बोटं टेकवली. रेघेला नाही. चार बोटं अलीकडं, गवतात. ओली माती लागली, ती कपाळाला लावली आणि रेघ ओलांडून तुझ्या बाकावर जाऊन बसलो.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आबा, कपाळाला चिखल लागलाय."

म्हटलं, राहू दे.